पाच फुल्या

ती गेल्याचं कळलं तेव्हा तो परक्याच्या न्हाणीघरात उकिडवा बसून जुन्या फरशांवर खडूने फुल्या मारत होता. फुली मारलेली फरशी फोडायची, बाकीची राखायची. तीस वर्षं त्याच्या कामावर हाच कायदा होता. नव्या माणसाला बाकी काही आलं नाही तरी चालायचं, फुली कळली पाहिजे.

फोन मुलीचा होता. "बाबा, घरी या. आई अंगणात पडली." मग ती म्हणाली, "सावकाश या. आता घाई नाही."

त्याने हात धुतले. खडू कोरडा ठेवला. मग परत हात धुतले.

अंगण म्हणजे केवढं, तर दारापासून फाटकापर्यंत बारा पावलं आणि रुंदीला आठ. तेवढ्यावरून नवराबायकोचं जन्मभर वाजत होतं. लोकांच्या घरी आरशासारखी फरशी घालणाऱ्याच्या स्वतःच्या दारात चिखल, म्हणून शेजारी हसत. "उपट ते जंगल, चार दिवसांत फरशी घालून देतो," तो म्हणायचा. "तुमच्या फरशीला वास येतो का?" ती शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारायची. शेजारपाजारचे कपडे ती शिवायची, आणि त्याचे सदरे तर लग्नापासून तिच्याच हातचे.

जंगल म्हणजे पाच झाडं. लिंबू, गुलाब, डाळिंब, जाईचा वेल आणि कधीच न फुललेली चाफ्याची एक काठी.

जाण्याच्या आठवडाभर आधी ती म्हणाली होती, "या सुट्टीत अंगणाचं घ्या एकदाचं मनावर. मी कागदावर काढून ठेवते. तुमच्याही मनासारखं होईल."

"बघू," तो म्हणाला होता. त्याचं बघू म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तो कागद तीन आठवड्यांनी मुलीला यंत्राच्या खणात सापडला. कपडा बेतायचा खाकी कागद. दार, फाटक, कुंपण, सगळं पट्टीने आखलेलं. अंगणभर चौकोनाला चौकोन लागलेले, म्हणजे फरशी. आणि जिथे जिथे झाड, तिथे निळ्या खडूची फुली. पाच फुल्या.

त्याने कागद उजेडात धरला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"पाचही?" मुलगी म्हणाली. "आई लिंबाला कुणाला हात लावू द्यायची नाही, बाबा."

"आखणी तिच्याच हातची आहे ना?"

"आहे, पण..."

"माझ्या मनासारखं करते म्हणाली होती. आपल्यामागे हा माणूस पाणी घालायचा नाही, हे ओळखलं असेल तिने. ओळखून होतीच मला."

खरं तर आता त्याला झाडं हवी होती. तीन आठवडे तो रोज सकाळी तिची झारी घेऊन पाणी घालत होता, त्या चाफ्याच्या काठीलासुद्धा. पण संसारात तिचं एकही म्हणणं त्याने वेळेवर ऐकलं नव्हतं. हे शेवटचं होतं. हे तरी तंतोतंत व्हायला हवं होतं.

झाडं तोडायला बोलावलेला माळी आला, झाडांभोवती एक चक्कर मारली आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

"मिस्त्री, लिंबू फळांनी लगडलंय. माझा हात धजत नाही."

"माझा धजतो. आणा इकडे."

"राग कुणावर काढताय?"

"राग कसला? कागदात आहे तसं करतोय."

"कागदाला काय, तो कुणाचंही ऐकून घेतो." माळ्याने चाफ्याची काठी बोटांत धरली. "हिला डोळा फुटलाय बघा. यंदा फुलली असती."

त्याने बघितलं नाही. कुऱ्हाड उचलून पहिला घाव लिंबावर घातला. हिरवी लिंबं टपाटपा पडली आणि फाटकापर्यंत घरंगळत गेली. मुलगी आत निघून गेली.

गुलाब तेवढा माळ्याने मुळांसकट उचलून नेला. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, जगला नाही.

मुळं खणून झालेले पाचही खड्डे त्याने खडीने ठासून भरले, वर सिमेंट ओतलं. मग फरशी. दोरी लावून, पाणसळ ठेवून, एकट्याने. आयुष्यात इतक्या सरळ सांध्यांचं काम त्याने केलं नव्हतं. चाफ्याच्या जागची फरशी शेवटची. ती बसवताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

शेजारी बघून गेले. "आता कसं, फरशीवाल्याचं घर शोभतं."

तो पायरीवर बसला. अंगणात झाडायला एक पानही नव्हतं. ऊन फरशीवरून थेट डोळ्यांत येत होतं.

"झालं," तो मुलीला म्हणाला. "तिने आखलं तसं. एक रेघ इकडची तिकडे नाही."

मुलीला दुसऱ्या दिवशी आपल्या घरी परतायचं होतं. "यंत्र तसंच झाकून पडलंय," ती म्हणाली. "तेवढं आवरून जाते."

आत झाकण काढल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली. हातात पांढरा सदरा होता.

"तुमचा दिसतोय, बाबा. यंत्रावरच होता."

तिने तो त्याच्या मांडीवर पसरला. कॉलर झाली होती, बाह्या झाल्या होत्या, काजं करून झाली होती. खिशात बटणांची पुडी होती, दोरा ओवलेली सुई बटणपट्टीत टोचून ठेवली होती. त्याने पट्टीवरून अंगठा खाली नेला. बोटाला निळा खडू लागला.

सगळ्यात वरचं बटण तिने लावलं होतं. त्याच्याखालून खडूच्या फुलीची चार टोकं बाहेर आली होती. खालच्या चार फुल्यांवर बटणं लावायची राहिली होती.