सात पौर्णिमांचा योद्धा

रविवारी मोशीच्या फ्लॅटवर मित्रांनी फाशांचा खेळ मांडला होता. राक्षसांशी लढायला ज्याने त्याने पात्राचा एकेक नवा प्रकार रचून आणला होता, आणि ते तपासायचं काम नेहमीसारखं निमिषकडे होतं. चाकणच्या एका कंपनीत तो एचआरला. माणूस पारखण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. स्वरूपाची चेटकीण त्याने पास केली, फक्त तिचं विष थोडं कमी करायला लावलं.

मग निमिषच्याच कंपनीत उत्पादनाच्या लाइनवर असलेल्या ज्ञानेशने, त्याच्या शाळेपासूनच्या दोस्ताने, आपला कागद पुढे सरकवला. त्याचा योद्धा सगळ्यांच्या बरोबरीने लढायचा. पण सात पौर्णिमा उलटल्या की त्याची कमावलेली ताकद काढून घ्यायची, त्याला गडाबाहेर घालवायचं आणि महिन्याभराने पुन्हा पहिल्या पायरीवर आत घ्यायचं.

“का? हरला म्हणून?” निमिषने विचारलं.

“नाही राव. तो हरत नाही.”

“मग हे काही पटत नाही, भावा. असलं पात्र खेळायला घेणार कोण? बाद.”

ज्ञानेशने मान डोलावली आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. पोहे आले. सगळ्यांनी खाल्ले.

सोमवारी सात महिने भरलेल्या कंत्राटी कामगारांच्या ब्रेकची, म्हणजे त्यांना महिनाभर कामावरून कमी करायची, यादी निमिषच्या टेबलावर आली.


अकरावी नोंद होती, ‘ज्ञानेश, पाचवा ब्रेक, महिन्याने नवीन म्हणून घेणे’. निमिषने सही केली आणि पान उलटलं.