लाल पत्र्याची बॅटरी

"ह्यातली सगळ्यात झगझगीत कुटली?" मडिवाळप्पाने विचारलं आणि कंदिलाची काच पुसणारा रामहरी बघतच राहिला.

दुपारचे बारा वाजले होते. बाळीवेशीतला रस्ता भाजून निघत होता. अशा उन्हात बॅटरी विकत घ्यायला कोण येतं? आणि आला कोण, तर मडिवाळप्पा. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातला हा जॉबर. माग अडला की सगळे ह्याच्याकडे धावायचे. माणूस लाखातला, पण एक खोड होती. हलकी वस्तू दिसली की ह्याचं भाषण सुरू. रामहरीच्या दुकानात कुणी लाल पत्र्याची बॅटरी नुसती हातात घेतली, तरी हा रस्त्यावरून सांगायचा, "ठेव खाली. नुसता झगमगाट हाय. महिन्याभरात गंजतीया." त्याच्यापायी रामहरीची किती गिऱ्हाइकं हात हलवत परत गेली होती.

त्याची बायको सिद्धम्मा अगदी वेगळी. स्टोच्या वाती न्यायला आली, की ती हळूच ती लाल बॅटरी उचलायची. बटण पुढे सरकवायची, तळहातावर उजेड पाडायची, आणि हसून परत जागेवर ठेवायची. "हे म्हणत्यात, घ्यायची तर पितळेची घिऊ, जल्मभर टिकंल अशी. थांब म्हणत्यात." असं अकरा वर्षं चाललं होतं.

अंधाराचं तिला फार भय. त्याचं कारणही तिनंच एकदा सांगितलं होतं. मैंदर्गीला लहानपणी तळाची ज्वारी काढायला तिला पेवात उतरवलं होतं. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड. भाऊ पोरसवदा, त्याने थट्टेनं तोंडावर फरशी ओढली. थोडा वेळच. पण तेव्हापासून ती दिव्याशिवाय झोपली नाही. वीज गेली की कंदील उशाशी. "वर माणसं बोलत हुती, रामहरीअण्णा. समदं ऐकू येत हुतं. पर उजेड न्हवता की."

आज तिची आठवण येऊन रामहरीला बरं वाटलं. चला, वहिनीचं गंगेत घोडं न्हालं.

"काय मडिवाळप्पा, सूर्य आज पश्चिमेला उगवला म्हणायचा. अहो, तुमची पितळेची मागवलीय की. शुक्रवारी येतीया. अकरा वर्षं थांबवलंत वहिनीला, अजून चार दिवस थांबवा."

"आता न्हाय थांबत ती."

"भांडल्या वाटतं शेवटी," रामहरी हसला. मडिवाळप्पा हसला नाही. त्याने लाल बॅटरीकडे बोट केलं.

रामहरीने ती काढली, फडक्याने पुसली, नवे सेल घातले. माणूस धंद्यातला असला तरी खोटं बोलणारा नव्हता. "तुमाला म्हणून सांगतो, उजेड लई पांढरा हाय, पण सेल खाती. सहा-सात तास चालली तर नशीब. आन बटण सैल हाय. जरा धक्का लागला की बंद."

"बटण सैल हाय?"

मडिवाळप्पाने पहिल्यांदाच मान वर केली. बॅटरी घेतली, लावली, बुडावर हलकेच चापट मारली. विझली. पुन्हा लावली, पुन्हा चापट. पुन्हा विझली. बटणावरून त्याचा अंगठा दोनदा घसरला. मागातल्या केसाएवढ्या धाग्याला ह्याच हातांनी तो न बघता गाठ मारायचा. रामहरीला आता दिसलं, त्याच्या पायात चपला नव्हत्या.

मडिवाळप्पाने खिशातून पांढऱ्या सुताचा गुंडा काढला. जॉबरच्या खिशात तो असतोच. बटण पुढे सरकवून त्याने त्यावर सूत गुंडाळलं, एकदा, दोनदा, सातदा, आणि तुटला धागा सांधताना मारतात ती गाठ मारली. मग बुडावर जोरात चापट दिली. बॅटरी जळतच राहिली. उन्हात तिचा उजेड धड दिसतही नव्हता.

"झालं का आता," रामहरी म्हणाला. "बंद कशी करणार?"

"बंद करायची न्हाय."

रामहरीने काही बोलायला तोंड उघडलं आणि त्याचं लक्ष बाहेर गेलं. रस्त्यावर सिद्धम्माचा भाऊ कल्लप्पा सायकल धरून उभा होता. थट्टेनं फरशी ओढणारा तो हाच. आता त्याचे केस पिकले होते. कॅरिअरला बेलाचा भारा आणि विभूतीच्या गोळ्यांची भरलेली पिशवी बांधली होती. उन्हात उभा राहून तो लहान पोरासारखा रडत होता.

बाळीवेशीत उभा जन्म गेलेल्या रामहरीला इतकी विभूती कधी लागते ते ठाऊक होतं. लिंगायतांच्या मौतीला तो कितीदा गेला होता. माणसाला जाळत नाहीत. खोल खड्डा, त्याच्या भिंतीत कोनाडा, कोनाड्यात बसवायचं आणि वरून माती लोटायची. रामहरीला आपल्या मघाच्या थट्टेची एवढी लाज वाटली की काउंटरवरचा हात त्याने मागे घेतला.

"पहाटं गेली," मडिवाळप्पा म्हणाला. "छातीत कळ आली, पाणी द्यायला बी सापडली न्हाय. तीनला बसवायची हाय."

त्याने जळती बॅटरी दोन्ही हातांत धरली होती. आयुष्यभर वस्तू पारखणाऱ्या त्या माणसाने दुकानदाराला विचारलं,

"शेट, माती वरपर्यंत येईस्तवर तरी टिकंल न्हवं ही?"