कोरी नळी

ओट्यावर काचेची नळी टुण्णकन वाजली आणि दुपारची सामसूम मोडली.

दामिनी प्रयोगशाळेत कामाला होती. सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण असलेलं लाल पाणी तिने मागून आणलं होतं. जंतू भेटले की ते निळं होई. तिच्या चार वर्षांच्या लेकीचा, मित्राचा, गुडघा आठ दिवस चिघळलेला. चांदीच्या कणांचं मलम चालू होतं, तरी आईचा जीव टांगणीला.

दोन नळ्यांत लाल पाणी ओतून एकीत तिने जखमेतला थेंब टाकला, दुसरीत नुसतं उकळलेलं पाणी. कामावरची सवयच ती. ताळ्यासाठी एक नळी कोरी ठेवायची, ती कुणाचीच नसते.

मित्राची नळी लालच राहिली. दामिनीने लेकीचा पटकन पापा घेतला. "गेले वं माय जंतू!"

कोरी नळी मात्र निळी झाली.

तिने ती धुतली, पाणी पुन्हा उकळलं. पुन्हा निळी. तिसऱ्यांदा तिने नुसतं लाल पाणी ओतलं, त्यात काहीच टाकलं नाही. तरी ते तिच्या डोळ्यांदेखत निळं होत गेलं.

"मम्मी, हे त्याची नळी हाय ना?" शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघत मित्रा म्हणाली.

"कोणाची वं?"

"थो रडून राहिला. त्याले मलम कोण लावून देते?"