फुसकी गोळी

शेवटची गोळी सुटली, पण खणखणीत आवाज यायच्या ऐवजी नुसतं ‘फुस्स’ झालं. अनघाने दुर्बिणीतून पाहिलं. निशाण्याच्या कागदावर नवं भोकच नव्हतं! घड्याळात तीन मिनिटं उरली होती आणि राज्याच्या संघात जायला या एका गोळीवर पूर्ण दहा गुण हवे होते.

“अगं, बघत काय बसलीस? दुसरी घाल आणि मार!” नातीला मांडीवर घेऊन मागे बसलेल्या सासूबाई ओरडल्या.

अनघाचं बोट नुसतं शिवशिवत होतं. पण पहिली गोळी नळीतच अडकली असेल, तर दुसरी तिच्यावर आदळून रायफलच फुटायची, तीही गालाशी! तिने दात-ओठ खात हात वर केला.

पंच धावत आले. त्यांनी नळीत गज घातला, तशी शिशाची गोळी टपकन बाहेर पडली. मग त्यांनी तिची काडतुसं हुंगली. “ताई, बदामतेल?”

अनघाने जीभ चावली. लेकीच्या तेलाची बाटली आणि काडतुसं एकाच पिशवीत! तेल झिरपून आतली दारू बाद झाली होती.

“मालिश पोरीला करा, काडतुसांना नको!” पंच हसले.

शेजारच्या स्पर्धक बाईंनी आपलं काडतूस पुढे केलं. “घ्या, हे कोरडं आहे.”

शेवटचं मिनिट. अनघाने श्वास रोखला. फट्ट!

“दहा गं बाई, दहा!” सासूबाई किंचाळल्या, आणि इतक्या गोळीबारात ढिम्म झोपलेल्या लेकीने आजीच्या आरोळीने भोकाड पसरलं.