मोडायचा बाण

ललिताच्या पाड्यावर भांडण मिटवायची एक रीत होती. दोघांनी एकेक टोक धरून बाण मोडायचा, की वैर संपलं. तिचे वडील भिका आणि काका काशिनाथ बांधावरच्या वेळूच्या बेटावरून तीन वर्षं बोलत नव्हते. आजीने त्यांना कसंबसं समोरासमोर बसवलं, पण घरात वेळूचा बाणच नव्हता. मग नाशिकला कॉलेजात तिरंदाजी करणाऱ्या ललिताने आपला कार्बनचा बाण, मोडताना कपच्या हाताला लागू नयेत म्हणून फडक्यात गुंडाळून, पुढे केला.

बाण कमानीसारखा वाकला आणि पुन्हा सरळ झाला. दोघे घामाघूम.

"जोर लाव की! भाकर नाय खाल्ली का?"

"तूच ढिला धरतो, दादा!"

"मोडल्याबिगर मिटत नाय," आजी म्हणाली. "मोडंपर्यंत रोज सांजच्याला या."

दोन महिने दोघे रोज येत राहिले. जोर कमी होत गेला, चहा आणि गप्पा वाढत गेल्या. एका संध्याकाळी बाणातून बारीक करकर ऐकू आली. आत चीर गेली, आता मोडणार, हे ललिताने ओळखलं.

 

दोघांनी झटकन टोकं सोडली आणि काशिनाथ हळूच म्हणाला, "पोरी, आजीला सांगू नको. असलाच दुसरा हाय का गं?"