गोळीचं वजन

"कुठलीही दे," मर्ल ट्वेट म्हणाले.

लोर्नाच्या दोन्ही हातांत दोन डबे होते, ते तसेच राहिले. चौदा वर्षं ती या दुकानात बंदुका आणि गोळ्या विकत होती, आणि 'कुठलीही' म्हणणारं गिऱ्हाईक तिने आजवर एकच पाहिलं होतं. गेल्या मार्चमध्ये. तिने त्याला पहिला हाताला लागला तो डबा दिला होता. दोन दिवसांनी त्याचं दफन झालं, आणि तिथे जायची तिची हिंमत झाली नव्हती.

बाकीचं गाव गोळीच्या वजनावरून डोकं खातं. घरात चोर शिरला तर पिस्तुलात हलकी गोळी बरी की जड, यावर काउंटरला रेलून तासभर भांडण चालतं. हलकी वेगात जाते पण हाताला झटका देते, जड सावकाश जाते पण खोल जाते, आणि मधली घेणारे या दोघांनाही खुळ्यात काढतात. बायकोचा वाढदिवस विसरणारे बाप्ये एकशे पंधरा आणि एकशे सत्तेचाळीस ग्रेन वजनाच्या गोळ्यांमधला फरक झोपेतून उठवलं तरी सांगतील.

"असं कुठलीही कशी देऊ, मिस्टर ट्वेट?" ती हसून म्हणाली. हसू काही जमलं नाही. "पिस्तूल नवीन घेतलंत का?"

"भावाचं आहे. जुनंच."

"मग जुन्या पिस्तुलाला जड गोळी चालते का ते बघायला हवं."

"चालेल गं. तू शाळेच्या बसमध्येही एवढीच बडबड करायचीस. शेवटच्या सीटवरून आवाज यायचा माझ्यापर्यंत."

नऊ वर्षं ते चालवत त्या बसमधून तिने शाळा गाठली होती. बर्फ असो, धुकं असो, त्यांनी एकाही पोराला खरचटू दिलं नाही. आज त्यांनी दाढी केलेली नव्हती, आणि कोटाचं बटण भलत्याच काजात होतं.

लोर्ना मनातून पुरती घाबरली. दुकानाचा मालक शिकारीला डोंगरात गेलेला, तिथे फोन लागत नाही. अशा वेळी कुणाला बोलवायचं तो नंबर काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. पण समोरचा माणूस आपल्याकडेच बघत असताना तो फिरवायचा कसा, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. तिला एकच सुचलं. बोलत राहायचं. गिऱ्हाइकांना विचारतात ते सगळे प्रश्न विचारायचे, आणि विकायचं मात्र काही नाही.

"राहता कुठे हल्ली? मळ्यावरच?"

"मळा विकला. डोरिस गेली, मग बायकोशिवाय एकट्याला काय करायचाय. आता लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या आहेत."

"मग भिंतींचा विचार करायला हवा, गोळी पलीकडे जायला नको. भिंती कशा आहेत?"

"पुठ्ठ्याच्या म्हण ना. शेजारी शिंकलं तर आपण रुमाल काढावा."

आणि पहिल्यांदाच त्यांनी डब्यांकडे नीट पाहिलं. खिशातून चष्मा काढला, तिच्या हातातून एक डबा घेतला, दिव्याखाली धरला. बारीक अक्षरं बोट ठेवून वाचली. मग दुसरा डबा वाचला. लोर्नाचा जीव भांड्यात पडला. जो माणूस एवढं बघून घेतो त्याला चोराचीच भीती असणार, असं तिने स्वतःला समजावलं. आपण उगाचच घाबरलो.

"यातली कुठली आतच राहते?" ट्वेटनी विचारलं.

"कशाच्या आत?"

चष्मा काढून त्यांनी तो कोटाच्या बाहीने पुसला.

"माझी खुर्ची भिंतीला लागून आहे," ते मग म्हणाले. "भिंतीपलीकडे शेजारणीच्या बाळाचा पाळणा. अगदी लागून. तेवढं बघून घ्यायला हवं."

लोर्नाने दोन्ही डबे ओढून घेतले आणि पोटाशी धरले.

"केवढं आहे बाळ?"

"चार महिन्यांची आहे. मुलगी."

"रडते?"

"फार. आई दिवसभर काम करून येते बिचारी, गाढ झोपते, तिला ऐकूही येत नाही. मग मी इकडून भिंतीवर टकटक करतो. हळूच. तशी पोर गप्प होते आणि झोपते."

"रोज?"

"रोजच म्हणायचं," ट्वेट म्हणाले.

काय बोलावं, कसं बोलावं, हे लोर्नाला दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यातलं एक वाक्य आता आठवेल तर शपथ.

"मिस्टर ट्वेट, तुम्ही जीव द्यायला निघालाय का?"

त्यांनी नाही म्हटलं नाही.

"मी तुम्हाला हे देणार नाही," ती म्हणाली. "आणि मला फार भीती वाटतेय. दार लावून घेते, फोन करते. कुणी येईपर्यंत तुम्ही इथेच बसा. माझ्याजवळ."

डबे मागच्या कपाटात टाकून तिने कुलूप लावलं आणि दाराकडे गेली. किल्ली भोकात जाईना. दोनदा ती हातातून सुटून खाली पडली. दुसऱ्यांदा वाकताना तिच्या कानावर पावलं आली. ट्वेट दाराकडेच येत होते. त्यांना अडवायचं बळ आपल्यात नाही, हे तिला तेव्हाच कळलं.

"सरक, पोरी," ते म्हणाले.

खाली वाकून त्यांनी किल्ली उचलली, आणि आतून दार लावलं.