बसायचा पट्टा

मनवा पुन्हा पाण्यात धप्पकन पडली आणि प्रीती मॅडमनी किनाऱ्यावरून शिट्टी वाजवली. विंडसर्फिंगच्या निवड चाचणीतली पहिली संधी गेली. आता एकच उरली. पाण्यात तरंगणाऱ्या पिवळ्या पिंपाला तीन फेऱ्या, न पडता. जमलं तर राज्य स्पर्धेच्या संघात. नाहीतर टाटा, बाय बाय.

ती बोर्ड ओढत चौपाटीच्या वाळूवर आली आणि मटकन बसली.

विंडसर्फिंग करताना कंबरेला पट्टा बांधतात. त्याचा हुक शिडाच्या दांड्यावरच्या दोरीत अडकवला, की वाऱ्याची ओढ हातांवर न येता अंगावर येते. पण महिनाभर भलतंच चाललं होतं. शिडात वारा भरला, पट्ट्याला ओढ बसली, की मनवाचा श्वास अडकायचा. छाती धडधडायची. हात आपोआप सुटायचे. मग ती पट्टा आणखी आवळायची आणि आणखी लवकर पडायची. ही सरळसरळ भीती होती. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी कसं? तिचे पप्पा, राजाराम, माझगावच्या गोदीत चार-चार मजली जहाजांच्या अंगाला लटकून रंग देतात! अख्ख्या चाळीत तिनेच हे मिरवलं होतं. आणि नेमके आज पप्पा अर्धी सुट्टी टाकून तिला बघायला आले होते.

'मॅडम, माझं नाव काढा' असं सांगायला ती उठली. तर समोर पप्पाच.

"हा पट्टा कुठे बांधतेस गं तू?"

"कंबरेला."

"आणि आता कुठाय?"

मनवाने खाली पाहिलं. पट्टा पार फासळ्यांवर चढला होता.

"दम कोंडतो ना? छातीत धडधडतं?"

झालं. मनवाचा बांधच फुटला. "पप्पा, मी घाबरते. खूप घाबरते."

"येडी का काय! असं आवळून लटकवलं तर वाघाचा पण दम कोंडेल." ते वळले. "मॅडम, मांड्यांतून घालतात तसला पट्टा नाही का तुमच्याकडे?"

होता की! मॅडम दोन आठवडे तोच घाल म्हणून तिच्या मागे लागल्या होत्या. पण तिच्यासोबत शिकणारा नील त्याला डायपर म्हणाला होता आणि अख्खा क्लब फिदीफिदी हसला होता. तेव्हा मनवाने मनाशी ठरवलं होतं, मेले तरी घालणार नाही.

आज तिने तो घातला.

"एऽ, बाळाचा डायपर बदलला!" नील ओरडलाच.

"मी पण घालतो रे रोज," पप्पा म्हणाले. "माझा नारिंगी आहे. बघायला ये कधी."

नील आपलं शीड आवरायला पळाला.

मनवा पाण्यात गेली. शिडात वारा भरला. हुक अडकला. ओढ आली, पण ती खाली, बुडाशी. मनवा चक्क बसली! वाऱ्याने खुर्ची पुढे सरकवावी तशी. तिने घाबरत घाबरत श्वास घेऊन पाहिला. आला. दुसरा घेतला. तोही आला. एवढंच? महिनाभर रडवलं ते एवढंच होतं? दुसऱ्या फेरीत ती मोठमोठ्याने हसत होती. तिसऱ्या फेरीनंतर किनाऱ्यावर आली, तेव्हा मॅडम तिचं नाव यादीत लिहीत होत्या.

ती ओल्याचिंब अंगाने पप्पांच्या गळ्यात पडली. "पप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

शर्टावरचं खारं पाणी झटकत पप्पा हसले.

"आमच्याकडे पण आधी कंबरेचेच पट्टे होते. नवे येईपर्यंत, पोरी, आठ वर्षं मी स्वतःला भित्रा समजूनच रोज लटकत होतो."